रोपाच्या मुळांची टोके का फुगली? मुळांच्या पेशींतील पीटिकांची वाहतूक आणि पेशीकंकाल

गोदाकाठ · ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. रांगड्या कांद्याच्या रोपवाटिकेत या वेळी माझ्याच हातून एक चूक झाली आणि तीतून एक प्रश्न उभा राहिला आहे. बी टाकल्यावर, तण उगवण्याआधी पेंडीमेथॅलिन फवारताना दोन गादीवाफ्यांवर पंप दोनदा फिरला. तेथील रोप उगवले खरे, परंतु खुरटून राहिले. काल चार रोपे उपटून धुतली, तेव्हा मुळे बोटाच्या पेराएवढीही वाढलेली नव्हती आणि त्यांची टोके फुगलेली होती. काडेपेटीतल्या काडीला गुलाच्या ठिकाणी गाठ असावी, तशी.

औषधाच्या माहितीपत्रकात ‘पेशीविभाजन रोखते’ एवढेच लिहिलेले आहे. विभाजन थांबले तर मूळ आखूड राहील हे समजते, पण ते फुगावे कशासाठी? बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र असल्यामुळे कांद्याच्या मूलाग्राचा प्रयोग पुष्कळदा केलेला आहे. त्या आठवणीवर विसंबून ब्लेडने उभा पातळ काप घेतला आणि मुलीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. टोकाच्या थोडे मागे, जेथे पेशी लांबट विटांसारख्या रचलेल्या दिसायला हव्यात, तेथे त्या फुटाण्यांसारख्या गोल दिसल्या. याचा संबंध पेशीकंकालाशी, म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांच्या सांगाड्याशी, आहे, असे एका मित्राने सांगितले आणि पुढे पीटिका, ॲक्टिन वगैरे शब्द उच्चारून विषय संपवला. येथे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

मूलरोम · ४ सप्टेंबर

आपण काप घेऊन पाहिलात, हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या गोल पेशींतच आहे. मी मुळांच्या पेशींवरच काम करतो, म्हणून थोडे लांबवर लिहितो.

मूळ वाढते ते दोन कारणांनी. अगदी टोकाशी, मूलटोपीच्या आड, पेशी विभागतात. त्यांच्या मागच्या पट्ट्यात त्याच पेशी लांब होतात. मूळ जमिनीत पुढे सरकते ते मुख्यतः या दुसऱ्या पट्ट्यामुळे, कारण तेथे पेशीची लांबी काही तासांत कित्येक पटींनी वाढते. ही लांबी वाढवणारे बळ म्हणजे रिक्तिकेतल्या पाण्याचा दाब. मुळाच्या पेशीत तो साधारण पाच वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक असतो. पण दाबाला दिशा नसते. तो चोहीकडे सारखाच रेटतो. दिशा देते ती पेशीभित्तिका. मुळाच्या वाढत्या पेशीभोवती सेल्युलोजचे धागे आडवे, कड्यासारखे गुंडाळलेले असतात, त्यामुळे पेशीला रुंदीकडे पसरता येत नाही आणि ती लांबीकडे ताणली जाते. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेली असते ना, तशा शेकडो धावा एका नळकांड्यावर बसवल्याची कल्पना करा.

आता या धावा आडव्याच बसाव्यात, हे कोण ठरवते? सेल्युलोज तयार करणारे प्रथिनसंकुल प्रद्रव्यपटलात रुतलेले असते. ते सहा पाकळ्यांच्या फुलासारखे दिसते. धागा मागे सोडत ते पटलातून मिनिटाला सुमारे ३०० नॅनोमीटर या वेगाने पुढे सरकते. पटलाच्या लगेच आत सूक्ष्मनलिकांची आडवी रांग असते आणि संकुल त्या रांगेला धरून चालते. सूक्ष्मनलिका म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाची सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. एका टोकाला जुळायचे आणि दुसऱ्या टोकाला सुटायचे, हा तिचा सततचा उद्योग.

पेंडीमेथॅलिन त्या ट्युब्युलिनलाच चिकटते. नळ्यांची नवी जुळणी थांबते, जुन्या सुटत जातात आणि रांग विस्कटते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणारे तुर्कतंतूही याच नळ्यांचे असल्याने विभाजनही अडते. माहितीपत्रकात लिहिले आहे ते एवढेच. दाब मात्र तसाच राहतो, आणि धावा सैल झालेली पेशी चोहीकडे फुगते. म्हणून मुळे आखूड आणि जाड, दोन्ही.

तिरकस · ५ सप्टेंबर

उत्तम. परंतु यात पीटिका, म्हणजे पेशीतला माल वाहणाऱ्या पटलाच्या इवल्या पिशव्या, कोठे आल्या? गोदाकाठ यांच्या मित्राने तो शब्द उगाच उच्चारला नसावा. जालावर एक प्रसिद्ध चलच्चित्र आहे, त्यात दोन पायांचे एक प्रथिन डोक्यावर भलेमोठे गाठोडे घेऊन सूक्ष्मनलिकेवरून मोठ्या डौलात चालताना दाखवले आहे. गाठोडे म्हणजे पीटिका आणि चालणारा म्हणजे कायनेसिन, अशी माझी समजूत आहे. मुळातही हेच हमाल असतील, तर औषधाने रस्ते उखडल्यावर मालाची वाहतूकच बंद पडायला हवी. तसे झाले असते, तर पेशी फुगण्याइतकी तरी कशी वाढली असती?

मूलरोम · ५ सप्टेंबर

शंका अगदी मर्मावर आहे. ते चित्र प्राण्यांच्या पेशीचे आहे, आणि वनस्पतींच्या बाबतीत त्याने बरीच दिशाभूल केलेली आहे.

प्राण्यांच्या पेशीत लांबची वाहतूक मुख्यतः सूक्ष्मनलिकांवरून होते. बाहेरच्या बाजूला कायनेसिन नेते आणि आतल्या बाजूला डायनीन आणते. सपुष्प वनस्पतींत पेशीद्रव्यातले हे डायनीन अजिबात नाही, आणि ज्यातून सगळ्या नळ्या फुटाव्यात असे ताराकेंद्रही नाही. कायनेसिनचे प्रकार मात्र भरपूर आहेत. मोहरीच्या कुळातली ॲराबिडॉप्सिस ही प्रयोगशाळेची लाडकी वनस्पती घेतली, तर तिच्यात कायनेसिनची ६१ जनुके सापडतात; परंतु त्यांतली कित्येक विभाजनाच्या कामी लागलेली आहेत. रोजच्या लांबच्या वाहतुकीचा भार ॲक्टिन तंतू, म्हणजे पेशीकंकालातले दुसऱ्या प्रथिनाचे धागे, आणि त्यांवरून धावणारे मायोसिन हे प्रथिन वाहतात. ॲराबिडॉप्सिसमध्ये मायोसिनची १७ जनुके आहेत. त्यांतली १३ अकराव्या वर्गातली, म्हणजे धावपळीची, आणि चार आठव्या वर्गातली.

आपल्या शाळेच्या पुस्तकात गॉल्गी संकुल केंद्रकाशेजारी एकच काढलेले असते. वनस्पतीच्या पेशीत त्याचे अनेक, मोठ्या पेशीत तर शेकडो, सुटे गठ्ठे असतात आणि ते जागेवर बसत नाहीत. ॲक्टिनच्या दोऱ्यांवरून ते पळतात, मध्येच थबकतात, पुन्हा पळतात. १९९८ साली चमकणारे प्रथिन जोडून हे गठ्ठे जिवंत पेशीत प्रथम नीट पाहिले गेले. म्हणजे येथे माल तेवढा फिरत नाही, कारखानाच फिरतो. पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज ही भित्तिकेतली इतर द्रव्ये या कारखान्यात तयार होतात आणि पीटिकांत भरून पटलाकडे जातात. सेल्युलोज तेथे तयार होत नाही, पण ते तयार करणारे संकुल मात्र गॉल्गीतच जुळते आणि पीटिकेतून पटलात येते.

म्हणून पेंडीमेथॅलिनने वाहतूक बंद पडत नाही. माल पोचत राहतो, भित्तिकेत भर पडत राहते, पेशी वाढत राहते. दिशा तेवढी बिघडते.

वरदा_प · ५ सप्टेंबर

मूलरोम यांचे विवेचन मला पटते, परंतु एक अडचण नोंदवते. मी महाविद्यालयात शिकवते आणि ‘नळ्या आडव्या म्हणून धागे आडवे’ हे वाक्य कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. इतिहास त्याच्या बाजूचा आहे. १९६२ साली पॉल ग्रीन यांनी नायटेला या शैवालाच्या पेशींना तुर्कतंतू मोडणारे कोल्चिसिन हे विष दिले. पेशी गोल होऊ लागल्या, आणि तुर्कतंतूंच्या जातीचे काहीतरी भित्तिकेच्या आतल्या अंगाला असले पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या त्याच जागी नळ्या दिसल्या. न पाहिलेल्या वस्तूचा पत्ता आधी लिहून ठेवावा आणि वर्षभरात ती तेथेच सापडावी, असे जीवशास्त्रात क्वचित घडते. शेवटी २००६ साली पॅरेडेझ, सॉमरव्हिल आणि एरहार्ट यांनी जिवंत पेशीत सेल्युलोज-संकुल नळीच्या मागावरून सरकताना प्रत्यक्ष दाखवले.

परंतु मधल्या काळातला एक निष्कर्ष या साखळीत बसत नाही. मॉर-१ नावाचे ॲराबिडॉप्सिसचे एक उत्परिवर्ती वाण आहे. त्याला २९ अंशांवर ठेवले की त्याच्या सूक्ष्मनलिका तुटक आणि विस्कळीत होतात आणि मुळे फुगतात, अगदी गोदाकाठ यांच्या रोपांसारखी. २००३ साली त्या फुगलेल्या मुळांतल्या सेल्युलोजच्या धाग्यांची मांडणी तपासली, तेव्हा ते धागे आडवेच, एकमेकांना समांतरच आढळले. धावा जागच्या जागी असताना चाक फुगले ते कसे?

मूलरोम · ६ सप्टेंबर

वरदाताईंनी माझी धावेची उपमा योग्य ठिकाणी पकडली. मी ती सोपी करून सांगितली होती, तेव्हा दुरुस्ती करणे माझ्याकडे लागते.

सेल्युलोज-संकुलाला पुढे ढकलते ते त्याने स्वतःच तयार केलेल्या धाग्याचे बळ. सूक्ष्मनलिका इंजिन नव्हे, रूळही पुरता नव्हे. नळ्या काढून घेतल्या तरी संकुले चालत राहतात, आणि आधीच्या धाग्यांच्या शेजारून समांतर जात राहणे त्यांना जमते. त्यामुळे दिशा काही काळ टिकते. मग फुगणे कशामुळे, यावर मॉर-१ चा अभ्यास करणाऱ्यांनीच असे सुचवले की नळ्यांचा ताबा धाग्यांच्या दिशेपुरता नसून लांबीसारख्या गुणांवरही असावा. तुकड्यातुकड्यांची धाव आडवी बसवली तरी ती चाकाला आवळू शकणार नाही. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, पण त्याने प्रश्न योग्य जागी आणून ठेवला. धागा कोणत्या दिशेने जातो एवढेच न विचारता, संकुल पटलात कोठे उतरते आणि किती वेळ टिकते, हेही विचारावे लागले. पीटिकांची वाहतूक आणि पेशीकंकाल यांची गाठ खरी येथे पडते.

२००९ साली दोन स्वतंत्र गटांनी, एकाने अमेरिकेत आणि दुसऱ्याने फ्रान्समध्ये, सेल्युलोज-संकुलाला चमकणारा रंग लावून गॉल्गीचे गठ्ठे आणि सूक्ष्मनलिका एकाच वेळी पाहिल्या. ॲक्टिनवरून वाहत आलेला गठ्ठा पटलाजवळच्या सूक्ष्मनलिकेपाशी थबकतो. संकुल वाहणारा लहान कप्पा नळीला बिलगून राहतो. आणि संकुल पटलात शिरते ते बहुतेक वेळा नळीच्या लगतच. ॲक्टिन तंतू औषधाने मोडले, तर गठ्ठे एका जागी गोळा होतात आणि पटलावर जेथे त्यांचा ढीग तेथे संकुलांची गर्दी, इतरत्र विरळ, असा प्रकार होतो. नळ्या मोडल्या, तर संकुले पटलावर पोचतात, पण उतरण्याच्या जागा विखुरतात. एकच माल, परंतु सबंध पेशीभर तो सारखा वाटणे ही ॲक्टिनची जबाबदारी आणि नेमक्या दारी उतरवणे ही सूक्ष्मनलिकेची. उतरल्यावर संकुल आणि नळी यांना बांधून ठेवणारे एक वेगळे प्रथिनही सापडले आहे. ते नसेल तर संकुले नळीची साथ सोडतात, आणि मुळे पुन्हा फुगतात.

तिरकस · ६ सप्टेंबर

म्हणजे एसटी ॲक्टिनची, आणि सूक्ष्मनलिका रस्त्याकडेला उभी राहून ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ करते, असे समजू काय?

मूलरोम · ६ सप्टेंबर

याहून बरी उपमा माझ्याकडे नाही. एवढेच जोडतो की हात दाखवणारे स्वतःही जागा बदलत असतात, आणि गाडी त्यांच्यामागून जाते.

गोदाकाठ · ७ सप्टेंबर

चर्चा वाचून पुन्हा एकदा रोपे उपटली. आपण ॲक्टिनचे वेगळे काम सांगितलेत, म्हणून मूलरोमांवर, म्हणजे मुळांवरच्या बारीक केसांवर, काही परिणाम दिसतो का, ते पाहावे असे वाटले. भिंग लावून बराच वेळ शोधले, परंतु चांगल्या वाफ्यातल्या रोपालाही मूलरोम असे दिसले नाहीत. माझी पाहण्याची पद्धत चुकते आहे काय?

मूलरोम · ७ सप्टेंबर

पद्धत चुकलेली नाही, पीक अडचणीचे आहे. कांद्याच्या मुळांवर मूलरोम फार थोडे आणि आखूड असतात. स्फुरदासारखे अन्न मिळवण्यासाठी कांदा मुळांत राहणाऱ्या बुरशीवर बराच विसंबतो. मूलरोम पाहायचे तर ओल्या टीपकागदावर मोहरी टाका. दोन-तीन दिवसांत मुळावर पांढरी लव दिसेल.

आणि मूलरोमाबद्दल बोलायचे तर, माझ्या टोपणनावावरून अंदाज आला असेलच, मला आवरणे कठीण जाते. मूलरोम म्हणजे एकच पेशी, सुमारे १० मायक्रोमीटर जाडीची, जी फक्त टोकाला वाढते, ॲराबिडॉप्सिसमध्ये मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर. म्हणजे पटलाचे आणि भित्तिकेचे सगळे नवे साहित्य एका सुईच्या अग्रावर पोचवत राहायचे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते असे: दांड्यात ॲक्टिनचे जाड दोर लांबीच्या दिशेने ताणलेले असतात आणि त्यांवरून पेशीद्रव्य कडेने पुढे येते व मधून मागे वळते. शेवटच्या थोड्या भागात हे जाड दोर संपतात. तेथे ॲक्टिनचे फक्त बारीक, सतत मोडणारे आणि जुळणारे तंतू असतात, आणि पीटिकांची इतकी दाटी असते की तो भाग दुधी काचेसारखा दिसतो. मोठी अंगके त्यात शिरत नाहीत. अग्राच्या पटलावर रॉप नावाचे प्रथिन ‘येथेच’ अशी खूण धरून बसलेले असते. त्याच्या आसपास एक विकर सक्रिय ऑक्सिजनची संयुगे तयार करते, त्यांनी कॅल्शियमचे मार्ग उघडतात, आणि अग्राशी कॅल्शियम दाट व मागे विरळ अशी उतरंड तयार होते. हे विकर नसलेल्या उत्परिवर्ती वाणात मूलरोम फुगवटा धरतो आणि तेथेच थांबतो. २००३ साली ते सिद्ध झाले. पीटिका पटलाला टेकवून धरायला आठ प्रथिनांचे एक्झोसिस्ट नावाचे संकुल लागते. त्यानंतरच ती पटलात मिसळते आणि पोटातले पेक्टिन बाहेर सोडते.

आपल्या प्रश्नाला धरून यातला सर्वांत बोलका प्रयोग १९९९ चा आहे. ॲराबिडॉप्सिसच्या मूलरोमांतील सूक्ष्मनलिका औषधाने बिघडवल्या; त्यात पेंडीमेथॅलिनच्या कुळातले ओरायझॅलिन होते. मूलरोमांची वाढ मंदावली नाही! ते नागमोडी झाले, काहींना एकाऐवजी दोन टोके फुटली, पण वेग तोच राहिला. उलट ॲक्टिनच्या तंतूंवर घाव घातला की वाढच थांबते. मायोसिनचे एक विशिष्ट जनुक निकामी केले, तरी मूलरोम आखूड राहतात.

वेगाचा विषय निघाला आहे, तर एक नवल सांगतो. कारा या गोड्या पाण्यातल्या शैवालात पेशीद्रव्य सेकंदाला सुमारे ७० मायक्रोमीटर वेगाने वाहते. इटलीतले कोर्ती यांनी हे वाहणे १७७४ सालीच पाहून ठेवले होते. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी काराच्या मायोसिनचे धावणारे डोके ॲराबिडॉप्सिसच्या मायोसिनला बसवले, तर झाडेच मोठी झाली. मंद डोके बसवले, तर लहान राहिली. वाहतुकीच्या वेगाचा झाडाच्या आकाराशी इतका सरळ संबंध असेल, असे मला तोवर वाटले नव्हते.

वरदा_प · ८ सप्टेंबर

औषधांचा उल्लेख झाला म्हणून. कोल्चिसिन आपल्याला दूरचे नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत ते असते, आणि म्हणूनच ती इतकी विषारी. गंमत अशी की वनस्पतींच्या ट्युब्युलिनशी ते दुबळेपणाने जुळते. मूलाग्रावर त्याचा परिणाम दिसण्यासाठी प्राण्यांच्या पेशींच्या कित्येक पट तीव्र द्रावण घ्यावे लागते. पेंडीमेथॅलिन आणि ओरायझॅलिन यांचे कुळ बरोबर उलटे आहे: वनस्पतींच्या ट्युब्युलिनला ते घट्ट धरते आणि प्राण्यांच्या ट्युब्युलिनकडे जवळपास दुर्लक्ष करते.

या पकडीची जागा शोधण्यास मदत केली ती एका तणाने. नाचणीची रानटी भावकी असलेल्या एल्युसिन इंडिका या गवताची, अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत, या औषधांना न जुमानणारी झाडे सापडली. १९९८ साली कारण कळले: अल्फा-ट्युब्युलिनच्या साखळीतल्या २३९ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि फवारणी वाया.

आणखी एक भर. वनस्पतींत पीटिका सूक्ष्मनलिकांवरून जातच नाहीत, असा समज कोणी करून घेऊ नये. विभाजनाच्या शेवटी दोन नव्या पेशींच्या मध्ये भिंत उभी राहते, तेव्हा नळ्यांच्या दोन समोरासमोरच्या जुड्या गॉल्गीच्या पीटिका मध्यरेषेवर आणून सोडतात आणि तेथे त्या एकमेकींत मिसळून पडदा तयार होतो. नोल नावाचे प्रथिन नसेल, तर पीटिका रेषेवर येऊन रांगेत उभ्या राहतात, पण मिसळत नाहीत. कांद्याच्या मूलाग्रात आपण सर्वांनी या टप्प्याची पेशी पाहिलेली आहे. परीक्षेत मात्र गुणसूत्रांच्या अवस्था ओळखण्याला गुण असतात, त्यामुळे त्या पडद्याकडे कोणी पाहत नाही.

मूलरोम · ८ सप्टेंबर

अगदी खरे. दुसरा अपवाद ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाच्या वाहतुकीत आहे. मुळाच्या बाह्यत्वचेतल्या पेशीत पिन-२ हे ऑक्झिन बाहेर टाकणारे प्रथिन एकाच टोकाला असते आणि ते पीटिकांतून सतत आत घेतले जाते व परत पाठवले जाते. २०१३ साली असे दिसले की क्लास्प नावाचे प्रथिन, जे सूक्ष्मनलिकेला चिकटून राहते, तेच परतीच्या कप्प्यांवरच्या एका प्रथिनालाही धरून असते. क्लास्प नसेल तर पिन-२ परत जाण्याऐवजी मोडीत निघते. दोन खात्यांचा कारभार एकाच कारकुनाच्या हाती असण्याचे हे उदाहरण मला फार आवडते.

गोदाकाठ, आता शेताचे. हे औषध पाण्यात अत्यंत थोडे विरघळते आणि मातीच्या कणांना घट्ट धरून वरच्या थरात राहते, त्यामुळे पाणी देऊन ते धुऊन जाईल असे नाही. पण कांद्याची मुळे बुडख्यातून एकामागून एक नवी फुटत असतात. रोप जगले आणि स्वच्छ मातीत गेले, तर पुढची मुळे सरळ यायला हरकत नसावी. फुगलेले टोक मात्र पुन्हा बारीक होत नाही, कारण भित्तिकेत एकदा पसरलेला घेर उलट आवळता येत नाही.

गोदाकाठ · १९ ऑक्टोबर

उशिरा लिहितो आहे, पण सांगण्यासारखे आहे. मुलीने मोहरीच्या दोन वाट्या केल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत औषधाचा थेंब टाकून पुष्कळ पातळ केलेले पाणी. हात लावण्याचे काम हातमोजे घालून मीच केले. तिसऱ्या दिवशी साध्या वाटीत मुळे दोन बोटे लांब आणि मागच्या भागावर दाट लव. दुसऱ्या वाटीत मुळे बी फुटून जेमतेम बाहेर आलेली, टोके जाड, आणि लव जवळजवळ टोकापर्यंत आलेली. दहापट भिंगातून त्यांतले काही केस वाकडे दिसले, पण ते होते, आणि आखूड नव्हते. दोन टोकांचा एकही सापडला नाही.

त्या दोन वाफ्यांतले निम्मे रोप गेले. उरलेले वेगळ्या सरीत लावले होते. काल त्यांतले एक उपटून पाहिले. बुडख्याला सात नवी मुळे आहेत, पांढरी, सरळ, दोऱ्यासारखी. आणि त्यांच्या मध्ये जुनी चार, गुल लागलेल्या काडीसारखी, जशी होती तशीच आहेत.